आभाळातला डाग

आत्याने रंगवलेल्या चित्राची काच फुटली, म्हणून ते फ्रेमवाल्याकडे नेलं. चित्रात नदी, पलीकडचा ऊस आणि वर हिवाळी सकाळचं आभाळ. नवी काच बसवून तो एकाच जागी फडकं घासत राहिला.

"ताई, डाग निघंना."

"तो डाग नाही, धूर आहे," मी म्हटलं.

नदीपलीकडे तेव्हा गुऱ्हाळं चालत. थंडीत त्यांचा धूर वर चढत नसे. उसाच्या शेंड्यांवर तपकिरी पट्ट्यासारखा पडून राही. प्रदर्शनाआधी सगळे आत्याला म्हणाले, तेवढं आभाळ स्वच्छ करा. ती म्हणाली, "दिसतंय ते पुसणारी मी कोण?"

बरं झालं ऐकलं नाही तिनं. हवा स्वतःची आठवण कुठे ठेवते? आज तिथे इमारती आहेत, आभाळही दुसरंच आहे. त्या सकाळची हवा उरली ती या वीतभर कागदावर. आत्यानं तिथे निळा रंग दिला असता, तर चित्र राहिलं असतं आणि सकाळ गेली असती.

फ्रेमवाला काचेजवळ वाकून बघत होता.

"आमचं गुऱ्हाळ तिकडंच होतं," फडकं बाजूला ठेवत तो म्हणाला. "म्हंजे ह्यात आमच्या आबाचाबी धूर असंल."