बुद्धी उणे दोन

"थांब," मंदार म्हणाला. त्याने तळहात माझ्या तोंडासमोर धरला, चौकातला पोलीस गाडीसमोर धरतो तसा. "तुला बोलता येणार नाही. तुझी बुद्धी उणे दोन आहे."

टेबलाभोवतीचे सगळे हसले.

रविवारची दुपार होती. जळगावात, मंदारच्या वडिलांच्या दवाखान्यावरचा हॉल. टेबलावर नकाशा, फासे, केळीच्या वेफर्सची ताटली. पुण्याहून दोन पाहुणे आले होते. आम्ही दीड वर्ष खपून बनवलेला खेळ छापायचा की नाही, ते ठरवणार होते. खेळ बोलून खेळायचा असतो. एक जण गोष्ट सांगतो, त्याला सूत्रधार म्हणायचं. बाकीचे एकेक पात्र घेतात. पात्राचा एक कागद असतो. बळ किती, चपळाई किती, बुद्धी किती. मग फासा टाकायचा. आमचा खेळ आपल्याकडच्या लढण्याच्या विद्यांवर होता. काठी, पट्टा, कुस्ती, गोफण.

गोष्टीत शत्रू पुलावर उभे होते. मी एवढंच म्हणाले होते, की पुलावर लढू नये, त्यांना मागे ओढून नाल्यात आणावं.

"योजना सुचवायला निदान शून्य बुद्धी लागते," मंदारने पाहुण्यांना समजावलं. "हिचं पात्र फक्त हुंकार देऊ शकतं. नियमच आहे."

"मग द्या ना एक हुंकार," पाहुण्यांपैकी एक जण म्हणाला.

पुन्हा हसणं. मीही हसले. हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. मीही हसले.

मग मी माझ्यासमोरचा कागद नीट वाचला. छापील पुस्तकाचा नमुना त्याच दिवशी आला होता, मी तो पाहिला नव्हता. कागदावर लिहिलं होतं: रानटी काठीवाला. राहण्याचं ठिकाण, सातपुड्याच्या पायथ्याचं जंगल. बळ अधिक तीन. बुद्धी उणे दोन. लिहिता-वाचता येत नाही. आणि खाली, बारीक अक्षरात: लढाईच्या पहिल्या फेरीत हे पात्र एक पाऊल मागे जाते. कारण, जन्मजात भित्रेपणा.

ते पाऊल माझ्या बापाचं होतं.

आम्ही भिल्ल. बाप चोपडा तालुक्यात, तापीकाठच्या केळीच्या बागांचा राखणदार होता. आयुष्यभर दुसऱ्याच्या बागा राखल्या. हातात काठी. ती काठी त्याला त्याच्या बापाने शिकवली, त्याला त्याच्या बापाने. तिला आखाडा नव्हता, गुरू नव्हता, नारळ फोडणं नव्हतं. काम करता करता शिकायची, म्हणून डावांची नावंही कामाचीच. पाटमोड. पाटाचं पाणी अडवायचं नसतं, दोन फावडी माती टाकून वळवायचं असतं, तसा समोरचा वार वळवायचा. पानचिर. केळीचं पान शिरेला धरून उभं फाटतं, तसा वरून खाली फटका. आणि घडझेल. घड कापला की खाली उभा माणूस तो खांद्यावर घेतो. ताठ उभं राहून घेतला तर माणूस मोडतो. वजन येईल तसं त्याच्याबरोबर गुडघ्यात खाली जायचं, मग उठायचं. काठीचा मोठा वार असाच अंगावर घ्यायचा.

त्याने मला हे सगळं गिरणा नदीच्या कोरड्या पात्रात शिकवलं, मी जळगावला शिकायला आले तेव्हा. मुलगी शहरात एकटी राहणार म्हणून. मी शिकले, एम.ए. झाले, वाचनालयात नोकरीला लागले. पुस्तकं आणि त्यांच्या नोंदी, हे माझं काम. मेहरूणमध्ये एक खोली घेतली.

मंदार वाचनालयातच भेटला. लाठीवर मराठीत काही आहे का, विचारत होता. मी तीन पुस्तकं काढून दिली. त्याने चाळली, परत केली. "यात नुसता व्यायाम आहे," तो म्हणाला. मी म्हणाले, "माझ्या बापाला येते." इतकं सहज बोलले मी. घराचं दार उघडं राहावं तसं.

त्या दीड वर्षात मला आनंद झाला होता, हे लपवणार नाही. डाव नियमात बसवणं हे अवघड काम आहे आणि मला ते जमत होतं. घडझेलला किती गुण द्यायचे? मी सुचवलं, मार निम्मा बसेल, पण खेळाडूची पुढची चाल जाईल, कारण बसलेल्या माणसाला उठायला वेळ लागतो. आणि त्याआधी पाय मागे घेतलेला नसेल, तर डाव लागूच होणार नाही. मंदारने टेबलावर थाप मारली. "कसलं बॅलन्स्ड आहे हे!" ती थाप मी घरी घेऊन आले.

तेव्हा बाप माझ्या खोलीवर होता. छाती भरली होती त्याची. उठता येत नव्हतं. मी वही घेऊन बसायची आणि तो सांगायचा. काठी धरता येत नव्हती म्हणून गोधडीवर दोन बोटं उभी करायचा. बोटं म्हणजे पाय. मधलं बोट मागे सरकवायचा.

"पहिला पाय मांगे," तो म्हणायचा. "समोरलाले वाटू दे, तू भ्यायनी. तो पुढे येस. पुढे उना का मंग तो तुना शे."

भ्यालीस असं वाटू दे. तो पुढे आला, की तो तुझा.

मी त्याला खेळाबद्दल सांगितलं. तो ऐकत राहिला. "मना डावले फासा कसाले?"

"नशीब दाखवायला, बा."

त्याने बराच विचार केला. "मंग बराबर शे. नशीब ते लागसच."

एक वही भरली. पहिली वही, पहिल्या पावलाची आणि त्यातून निघणाऱ्या डावांची. दुसरी सुरू केली. दुसऱ्या पावलाची, समोरचा पुढे आल्यावर काय करायचं त्याची. ती पूर्ण झाली, आणि आठ दिवसांनी बाप गेला.

दहाव्याला मंदार आणि सायली आले. सायली आमच्या खेळाची चित्रं काढते. मी चहा केला. "आत्ताच घेऊन आलो," मंदार म्हणाला. सायलीने कप हातात घेतला, आणि जाताना तसाच भरलेला खिडकीत ठेवला. मी तेव्हा लक्ष दिलं नाही. दुःखात माणूस कप मोजत नाही. निघताना मंदारने वही मागितली. "बाबांचं काम अमर होईल गं." मी पहिली वही दिली. दुसरी बापाच्या गोधडीत गुंडाळलेली होती, आणि ती गोधडी उलगडायची माझी हिंमत नव्हती. एवढंच कारण. हुशारी नव्हती ती.

हॉलमध्ये मी नमुन्याचं पुस्तक ओढून घेतलं. माझे डाव शोधले. रानटी काठीवाल्याच्या पानावर ते नव्हते. त्याच्याकडे एकच होता, 'आंधळा फटका'. डाव पुढच्या पानावर होते. पात्राचं नाव, दंडाचार्य. गुरुकुलात शिकलेला, बुद्धी अधिक तीन. पाटमोडचं झालं होतं 'प्रवाहभेद'. पानचिरचं 'पर्णविच्छेद'. घडझेलचं 'गजभारमुद्रा'. सायलीने चित्र काढलं होतं. गोरा, उंच, कपाळावर गंध, छाती पुढे काढून ताठ उभा. खाली ओळ होती: मूळ, प्राचीन ग्रंथपरंपरा.

"हे माझ्या बापाचे डाव आहेत," मी म्हणाले.

"आहेतच," मंदार म्हणाला. "आभारात लिहिलंय. बघ ना."

मी बघितलं. शेवटचं पान. 'एका स्थानिक राखणदाराचेही सहकार्य लाभले.'

"नावं का बदललीस?"

"अगं, घडझेल! लोक हसतील. संस्कृत नाव आलं की वजन येतं."

"आणि उणे दोन?"

"सगळेच आचार्य कसे चालतील? एक तरी रानटी लागतो, त्याशिवाय गेम उभा राहत नाही." मग त्याने आवाज खाली आणला, आजारी माणसाशी बोलावं तसा. "तू मनावर घेऊ नकोस. तू वेगळी आहेस. तू शिकलेली आहेस."

ते मला सगळ्यात जास्त लागलं. हुंकारापेक्षा जास्त. माझा बाप शिकलेला नव्हता, आणि माझ्याकडे जे काही होतं ते त्याचं होतं. मला बापापासून तोडून हा माणूस मला माफ करत होता.

दुसऱ्या पाहुण्याला वाटलं असावं, वातावरण हलकं करावं. त्याने मोबाइल काढला. "ताई, तुम्हाला खरंच येतं? एक व्हिडिओ करू या ना. जाहिरातीला कामाला येईल. अस्सल."

मंदार आत गेला आणि फरशी पुसायच्या मॉपचा दांडा घेऊन आला. खालचं ओलं फडकं काढायचे कष्टही त्याने घेतले नव्हते. तो दांडा माझ्यासमोर धरला. "जरा फिरवून दाखव ना."

फडक्यातून फिनेलचं पाणी टपकत होतं. नकाशावर पडलं. नाल्यावर.

मला तो दांडा घेता आला असता. एका फटक्यात ते फडकं त्याच्या तोंडावर बसलं असतं. हात तयार होता. अंगात बाप होता. पण समोर मोबाइल धरलेला होता आणि टेबलावर ते पान उघडं होतं. बळ अधिक तीन, बुद्धी उणे दोन. मी मारलं असतं, तर त्या पानावरचं अक्षर अन् अक्षर खरं ठरलं असतं. त्यांनी ते हसत हसत छापलं असतं. आणि मी फिरवून दाखवलं असतं, तरीही.

टेबलाखाली माझी दोन बोटं मांडीवर उभी होती. मला कळलंही नव्हतं. मधलं बोट मागे सरकलं.

मी खुर्ची मागे घेतली. उठले.

"घाबरली की काय," तो हुंकारवाला म्हणाला. "पहिली फेरी. एक पाऊल मागे. नियमाप्रमाणे!"

केवढं हसले ते. मंदारला तर डोळे पुसावे लागले.

"तुझा दंडाचार्य ताठ उभा राहून घडझेल करतो," मी त्याला म्हणाले. "पाय मागे न घेता तो वार घेतला तर गुडघा जातो. वहीत पहिल्याच पानावर आहे. तू वाचलं नाहीस. तुला वाचता येतं, तरी वाचलं नाहीस."

हसणं थांबलं. पाहुण्यांनी मंदारकडे पाहिलं.

"मी आता बोलणार आहे. तुझी परवानगी मागत नाही. तो हात खाली घे."

त्याचा हात पुन्हा वर आला होता. त्यालाही कळलं नसावं. तो खाली गेला.

वही टेबलाच्या कोपऱ्यात होती, वेफर्सच्या ताटलीखाली. पुठ्ठ्यावर तेलाचा गोल डाग. मी ताटली बाजूला सारली आणि वही उचलली.

"घेऊन जा," मंदार म्हणाला. "स्कॅन आहे आमच्याकडे."

खरं होतं ते. मी काही जिंकून निघाले नव्हते.

पुढच्या रविवारी गाडीने दोंडाईच्याला गेले. तिथे माझी फुई राहते, बापाची थोरली बहीण. भावाच्या माघारी तिला कमी ऐकू येतं, की ती कमी ऐकते, मला माहीत नाही. ओसरीवर शेंगा फोडत होती. मी सगळं सांगितलं. मॉपचंही. संपल्यावर तिने विचारलं, "कितला म्हने?"

"उणे दोन."

"आनि तुना बाप बोटंवर बठ्ठा बाग मोजे." तिने टरफल उडवलं. "त्या पोऱ्याले सांग. पाय मांगे लेवाले अक्कल लागस. पुढे ते बैल बी पयस." पुढे तर बैलही पळतो.

मग दुसरी शेंग घेत म्हणाली, "तू हासनी कसाले पन?"

त्या प्रश्नासाठीच हे लिहिते आहे, आणि मंदारवर जितका राग आहे तितकाच त्या हसण्यावर आहे. तो मला कमी करायचा नाही.

परत आल्यावर मी गोधडी उलगडली. दुसरी वही काढली.

त्यांचं पुस्तक येईल. गंध लावलेला आचार्य माझ्या बापाचे डाव भलत्याच नावांनी करेल, आणि चुकीचे करेल. कोणी मंदारच्या हॉलमध्ये तसा डाव खरा करून पाहिला, तर गुडघा फुटेल. मी सांगितलं होतं. पुन्हा सांगणार नाही.

मी माझा खेळ लिहायला घेतला आहे. दररोज एक पान, वाचनालयातून आल्यावर. त्यात बुद्धीचा रकाना नाही. डावांची नावं कामाचीच आहेत, ज्याला हसायचं त्याने हसावं. आणि पहिला नियम असा: डाव ज्याच्याकडून शिकलात त्याचं नाव मोठ्याने घेतल्याशिवाय फासा टाकायचा नाही. नाव माहीत नसेल तर तो डाव तुमचा नाही. गप्प बसा.

पहिलं नाव माझ्या बापाचं आहे. ते इथे लिहीत नाही. ज्याला हवं त्याने माझ्या टेबलाशी यावं, बसावं, ऐकावं. चहा प्यावा लागेल. कप रिकामा करून.

हो मंदार, घेतला मी पाय मागे. तुझ्या पुस्तकात तेवढंच आहे. दुसरी वही माझ्याकडे आहे.