गोळीवरचं तूप

घनसावंगीहून जालन्याला येणाऱ्या जीपमध्ये तो माझ्यासमोर बसला होता. मांडीवर तुपाची किटली, तिच्यावर एक हात. मी कोलेस्टेरॉलची गोळी पाण्याबरोबर गिळली, तसा तो पाकिटाकडे बघत म्हणाला, "मी बी हीच घेत होतो. सोडून दिली."

छातीत स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, बसवलेली आहे, हेही त्यानंच सांगितलं. गोळी सुरू झाली आणि पिंढऱ्या दुखायला लागल्या, पोतं उचलेना.

"चरबीसंगट ताकद बी ओढून घेती ही गोळी. म्हणून रोज वाटीभर तूप पिऊन राह्यलो. आता पाय एकदम बराबर."

त्याचं सगळंच चूक नव्हतं, म्हणून मला जास्त धास्ती वाटली. या गोळीनं स्नायूंना लागणारं एक द्रव्य अंगात कमी होतं, असं माझे डॉक्टरही म्हणाले होते. पण ते तुपानं भरून येत नाही, आणि गोळी अशी आपल्या मनानं सोडायची नसते.

"मामा, डॉक्टरला विचारलं का?"

"पाय लंगडला तर गावाला दिसतंय, भाऊ. छातीतलं कोणाला दिसतंय?"

बोलताना त्याचा मोकळा हात सदऱ्यावरून छाती चोळत होता. त्याला ते ठाऊकही नसावं.

"आजच दाखवा. मी येतो सोबत."

"न्हाई, लेकीकडं तूप पोचवायचंय. जल्दी आहे."

जुन्या जालन्यात तो उतरला आणि किटली घेऊन ताठ, झपझप निघाला. मी बघत राहिलो. एकदा जरी अडखळला असता, तर मी मागं धावलो असतो.