हवेत राहिलेली टोपी

लग्नाचे व्हिडिओ जोडून देणं हा माझा धंदा. बारामतीत माझं छोटं दुकान आहे. नवरदेवाचं पोट आत घेणं, फोटोत रुसून बसलेल्या आत्याबाईंना अलगद गाळणं, वरातीत जास्तच रंगलेल्या काकांना छाटणं, ही सगळी कामं मी इमानेइतबारे करते. त्यामुळे धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा तिचा प्री-वेडिंगचा व्हिडिओ कोण करणार हा प्रश्नच नव्हता. काम फुकटात होणार म्हणून वडीलही खूश होते.

फक्त बहिणीची एक अट होती. उसाच्या फडातून हळूहळू पळायचं नाही, आणि ड्रोनकडे बघून लाजायचं नाही. "आपल्याला कार्टून करायचंय," ती म्हणाली. मला लगेच समजलं, कारण आम्ही दोघी कार्टूनवरच वाढलेल्या.

याला कारणीभूत आमचा मामा. मामा लोणी भापकरचा. शेती करायचा, हंगामात ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून माळेगावच्या कारखान्यावर ऊस न्यायचा, आणि दुपारी जेवल्यावर आम्हा भाच्यांना घेऊन टीव्हीपुढे बसायचा. बातम्या त्याला चालायच्या नाहीत. त्याला हवं असायचं एक जुनं परदेशी कार्टून. त्यात एक लठ्ठ पहारेकरी आणि एक बोकड. पहारेकऱ्यानं बाग राखायची, बोकडानं ती खायची, एवढीच गोष्ट. एक अक्षर कुणी बोलायचं नाही, नुसता बँड वाजायचा. त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. आमच्या गोठ्यातली शेरडंही तोच उद्योग करत असल्यानं कथानक तर तोंडपाठच होतं.

त्यातली एक गंमत ठरलेली. पहारेकरी कुठून तरी खाली पडायचा, पण त्याची टोपी तिथंच हवेत राहायची. मग थोड्या वेळानं तीही खाली यायची आणि बरोबर त्याच्या डोक्यावर बसायची. आम्ही हसून लोळायचो. एका उन्हाळ्यात मामा म्हणाला, "त्यात काय, मलाबी येतंय." तो ओट्याच्या कडेला उभा राहिला, दोन हात फडफडवले आणि धपकन खाली अंगणात पडला. त्याची पांढरी टोपी वर हवेतच राहिली. आमची तोंडं उघडी. मग टोपी खाली आली आणि डोक्यावर बसली.

कसं केलं, असं विचारलं की मामा गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "माणूस पडला हे टोपीला उशिरा कळतंय."

दर सुट्टीत हा खेळ व्हायचा. मामीला बघायला बोलवायला जावं तर ती नेमकी स्लॅबवर कुरडया वाळत घालत असायची. मामी इंदापूरकडची, उजनीच्या पाण्याकाठच्या गावची, कामाला वाघीण आणि बोलायला अगदी कमी. तिला बिचारीला एवढी मजा कधी बघायला मिळत नाही, याचं आम्हाला फार वाईट वाटायचं. तीनेक वर्षांपूर्वी मामी गेली. त्यानंतर मामानं तो खेळ केला नाही, आणि आम्हीही मोठ्या झालो होतो म्हणून मागितला नाही.

आता आम्ही बघतो ते कार्टून वेगळं. ते मोठ्या माणसांचं आहे. एक कुटुंब, बाप टायरच्या कारखान्यात, आई सतत चिडलेली, मुलगी फोनमध्ये आणि सगळ्यांना टाकून बोलणारी एक म्हातारी आजी. ही माणसं इतकी बडबडतात की एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होतं. थोडक्यात, आमच्या घरासारखंच. पण त्याच्या एका भागात चमत्कार झाला. अचानक सगळे गप्प झाले. जुना बँड वाजू लागला, रंग फिके पडले. ज्या बापानं आजवर डोक्यावर काही घातलं नव्हतं त्याच्या डोक्यावर पहारेकऱ्याची टोपी आली. मागच्या कुंपणावर एक बोकड शांतपणे घड्याळ चघळत होता. बाप छतावरून पडला आणि टोपी हवेत राहिली.

मी आणि बहीण दुकानात खुर्चीवरून उठून उभ्या राहिलो. त्या नव्या कार्टूनवाल्यांनी लहानपणी तेच बघितलं होतं, हे उघड होतं. त्यांनी जुन्याच्या पाया पडून घेतलं होतं. वर एक चावटपणाही केला होता. चित्र हळूहळू वर सरकतं आणि छतावर ती आजी दिसते, हातात मासे धरायचा गळ घेऊन. टोपी तिच्या दोऱ्याला लटकलेली असते. जांभई देत ती दोरा सोडते.

आमचा व्हिडिओ ठरला. बहिणीचा होणारा नवरा एमआयडीसीत नोकरीला आहे, स्वभावानं गरीब, सांगू ते करतो. त्याला आम्ही मामासारखं धोतर नेसवलं, पांढरी टोपी घातली आणि बैलगाडीवरून गवतात पाडलं. टोपी मी संगणकावर कापली आणि हवेत चिकटवली. मागं एक भाड्याचा बोकड उभा केला. तो पटकथेत नसतानाही नवरदेवाच्या उपरण्याचा काठ खाऊन गेला. आजीचा तुकडा मात्र आम्ही घेतला नाही. व्हिडिओ लांबत होता, आणि आजी कुठून आणायची हाही प्रश्न होता. शेवटी लिहिलं, "आमच्या लाडक्या मामास". घरच्या ग्रुपवर टाकला तेव्हा अंगठ्यांचा पाऊस पडला.

मामा मात्र ग्रुपमधून बाहेर पडला.

आईनं फोन केला. पलीकडून एवढंच आलं, "टिंगल झाली माझी. लग्नाला मी येत न्हाय."

आता ज्यांना आमच्याकडचं लग्न माहीत नाही त्यांना सांगते, नवरीला मांडवात आणायचं काम मामाचं. माइकवरून पुकारा होतो, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." सगळ्या कार्यालयाच्या माना वळतात. त्या वेळी मामाच नसेल तर पाहुण्यांना पुढची दोन वर्षं बोलायला विषय मिळतो. शिवाय आमचा मामा एकुलता. आईनं जेवण सोडलं. म्हणजे तसं जाहीर केलं, स्वयंपाकघरात काय चालायचं ते मी विचारलं नाही. बहीण मात्र खरोखर रडली. तिला दुसऱ्या कुणाचा हात धरून जायचंच नव्हतं.

"मी जातो," वडील म्हणाले. "पाव्हण्याचा रुसवा कसा काढायचा मला ठाऊक हाय."

रुसवा काढायची आमच्याकडे एकच रीत आहे. नारळ घ्यायचा, टॉवेल-टोपी घ्यायची, चार माणसांत मान द्यायचा. वडिलांनी बारामतीच्या पेठेतून चांगल्यातली टोपी निवडून घेतली. टोपीवरूनच रुसलेल्याला टोपी न्यायची, हे मलाही तेव्हा खटकलं नाही. लोणी भापकरला ओट्यावर चार माणसं बोलावून त्यांनी मामाच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि टोपी पुढं केली. मामानं टोपीकडे बघितलं, मग वडिलांकडे.

"दाजी, हवेतली एक पुरली न्हाय म्हणून दुसरी आणली व्हय?"

वडील नारळ ठेवून परत आले. टोपी मामानं उंबऱ्याबाहेर ठेवली होती, ती त्यांनी तिथंच सोडली. संध्याकाळी जेवताना ते म्हणाले की पुढच्या वेळी फेटा न्यावा. आई म्हणाली, पुढची वेळ यायला तिसरी मुलगी कुठून आणू.

मग आम्ही दोघी गेलो, लॅपटॉप घेऊन. माझा बेत साधा होता. नव्या कार्टूननं जुन्याला मान दिला तसाच आम्ही मामाला दिला, हे त्याला दाखवायचं. मामा बाजेवर बसला होता. चहा त्यानं स्वतः केला, पण आमच्याकडे बघितलं नाही. मी आधी पहारेकऱ्याचं जुनं कार्टून लावलं. बोकडानं दरवाजा खाल्ला तेव्हा मामाच्या मिशा हलल्या. मी मनात म्हटलं, आलं जमत.

मग नव्याचा तो भाग लावला. टायरवाला बाप पडला, टोपी राहिली.

"ही चोरी हाय," मामा म्हणाला.

"चोरी कशी? चोरणारा लपवतो. ह्यांनी बोकडासकट दाखवलंय, बघणाऱ्याला कळावं म्हणून."

"मग त्याला बोलवायचं की, पयल्या टोपीवाल्याला."

मी काही बोलायच्या आत चित्र वर सरकलं. छतावरची आजी दिसली, हातात गळ, गळाला टोपी. ती जांभई देते तिथं आम्ही नेहमी हसतो. त्या दिवशीही बहीण फिसकन हसली. मामा हसला नाही. त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"ह्यांना कुणी सांगितलं?" तो म्हणाला.

"काय?"

"आमच्या घरातलं. ह्यांना कसं कळलं?"

आम्हाला काहीच समजेना. मामा उठून आत गेला आणि पत्र्याच्या डब्यातून एक लाकडी रीळ घेऊन आला. त्यावर तंगूस गुंडाळलेली होती, मासेमारीची बारीक, पारदर्शक, उन्हात न दिसणारी दोरी. उजनीकाठच्या माणसांच्या घरात ती असतेच. मामी माहेराहून येताना घेऊन आली होती.

"टोपी कुठली हवेत राहतीय," मामा म्हणाला. "तुमची मामी धरायची. स्लॅबवर पालथी पडून, कुरडयाच्या आड. मी वर बघितलं की सोडायची. तुमी मला हसायचा, आन ती वर तोंडात पदर कोंबून हसायची."

लहानपणी तिला बघायला मिळत नाही म्हणून आम्ही हळहळायचो, आणि सगळ्यात चांगली जागा तिचीच होती.

"तुमच्या त्या फिल्ममदी टोपी आपोआप राहिली," मामा म्हणाला. "कुणी धरलीच न्हाय. मला ते बघवंना."

बहीण बाजेवर त्याच्या शेजारी जाऊन बसली. तिला सगळे हट्टी म्हणतात ते खोटं नाही. ती म्हणाली, "मामा, लग्नात तू मला आणायचंस. टोपी घालून. तंगूस ताई धरंल."

"गुडघा गेलाय माझा. पडायला जमत न्हाय."

"मग बस नुसता."

मामा बराच वेळ रीळ फिरवत राहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हिला जमंल का पर? धरायला ताकद न्हाय, धीर लागतोय."

लगेच अंगणात तालीम झाली. मी स्लॅबवर पालथी, पोटाखाली तापलेली फरशी. पहिल्यांदा टोपी मामाच्या नाकावर पडली. दुसऱ्यांदा अंगणातल्या चिंचेच्या फांदीत अडकली. मामा खालून ओरडला, "लवकर सोडतीस. तिला कधी घाई नसायची."

लग्न इंदापूर रस्त्यावरच्या एका कार्यालयात होतं. सगळ्या पाव्हण्यांना फेटे बांधले जात होते. मामानं फेटेवाल्याला हातानंच थांबवलं. त्याच्या डोक्यावर वडिलांनी आणलेली, त्यानं उंबऱ्याबाहेर ठेवलेली टोपी होती. वडिलांनी ती ओळखली आणि छाती पुढं काढून सगळीकडे फिरू लागले, जणू त्यांच्याच डावपेचानं सारं जुळलं होतं. कॅमेरा माझ्या नवऱ्याच्या हातात देऊन मी स्टेजच्या पायऱ्यांच्या बरोबर वरच्या गॅलरीत जाऊन पालथी झाले. शेजारी कार्यालयाच्या गाद्या-तक्क्यांचा ढीग होता, भरजरी साडीला धूळ लागत होती, आणि कार्यालयाचा व्यवस्थापक मला दोनदा विचारून गेला की बरं वाटत नाही का.

पुकारा झाला. मामा बहिणीला घेऊन आला. स्टेजच्या पहिल्या पायरीवर त्यानं टोपी सारखी करत वरून सोडलेली तंगूस तिच्यात अडकवली, दोन हात फडफडवले आणि धपकन बसला. टोपी वर राहिली.

कार्यालयात आधी कुजबुज झाली, मग हसू सुटलं. भटजींनी घड्याळाकडे बघितलं. नवरदेव स्टेजवरून टोपीकडे बघत होता. व्हिडिओतल्या त्याच्या टोपीला एवढी दाद मिळाली नव्हती. माझ्या बोटांत तंगूस रुतत होती, पण मामा काही वर बघेना. पायरीवर बसून तो माणसांचं हसणं ऐकत राहिला. मी धरून ठेवली. आई पहिल्या रांगेत हसता हसता रडत होती, हे मला वरून स्पष्ट दिसत होतं.

मग मामानं वर बघितलं. टोपीकडे नाही, गॅलरीकडे. मी सोडली.

ती बरोबर डोक्यावर बसली. मामा गुडघ्यावर हात टेकून उठला आणि नवरीचा हात धरून पायऱ्या चढला.

लग्नाच्या व्हिडिओत शेवटी कामं करणाऱ्यांची यादी येते. त्यात मी कॅमेऱ्याच्याही आधी एक ओळ टाकली, "टोपी धरली: मामींनी". आमच्या आत्याबाई म्हणाल्या, गेलेल्या माणसाचं नाव कशाला घालायचं. त्यांना मी पुढच्या वेळी गाळणार आहे.

मामाला व्हिडिओ पाठवण्याआधी मी फोन केला. म्हटलं, "टोपी हवेत आहे तो तुकडा मी थोडा लांबवलाय."

"किती?"

"तू सांगशील तेवढा. माझ्याच हातात आहे."

"मग राहू दे अजून जरा," मामा म्हणाला.