छबूबाईंच्या गेरूच्या रेघा

छबूबाई नर्सना नवं काही सोसत नसे, असं मुळीच नाही. दवाखान्यात पहिल्यांदा स्टोव्ह आला तेव्हा त्यांनी तो आठवडाभर गावाला दाखवला होता. पण कार्डं आली आणि बाईंचं डोकंच फिरलं.

जामखेड तालुक्यातल्या त्या खेड्यात बाई अठरा वर्षं नर्स होत्या. नवरा लवकर गेला, सासर तुटलं, माहेरी भावजयीचं राज्य. आपलं म्हणायला हे गावच. गावातली अर्धी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. उरलेली अर्धी फार घाई करतात, असं त्यांचं मत होतं.

१९७१ सालच्या भादव्यात पुण्याहून नवे डॉक्टर आले. वयानं कोवळे आणि उत्साहानं उतू चाललेले. त्यांनी आल्या आल्या खोकं उघडलं. घरटी एक कार्ड. घरात माणसं कोण, लस कुणाला टोचली, कुठलं औषध कुणाला सोसत नाही, सगळं त्यावर लिहायचं.

"कशापायी?" बाई म्हणाल्या. "सगळं डोक्यात हाय माझ्या."

"आणि तुम्ही रजेवर गेलात तर?"

"अठरा वर्सांत गेले न्हाई."

"मेलात तर?" डॉक्टर बोलून गेले.

त्यानंतर तीन दिवस डॉक्टरांना दवाखान्यात चहा मिळाला नाही.

चौथ्या दिवशी त्यांनी चहाविनाच सांगितलं, "दिवाळीआधी जिल्ह्याचे साहेब तपासणीला येणार आहेत. कार्डं भरलेली नसली तर तुमची बदली करतील. अकोल्याच्या डोंगरात."

अकोले म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. पण चेहरा तसाच ठेवून बाईंनी खोकं काखेत मारलं. "भरते की. त्यात काय एवढं!"

आणि मग रोज "उद्या भरते" म्हणत त्यांनी दिवस ढकलले. त्यांना खरंच घोर नव्हता. कारण बाईंचं डोकं गावभर पसरलेलं होतं, दारांशेजारच्या भिंतींवर. मलेरियावाले फवारणी करून भिंतीवर तारखा लिहीत, ते बघून बाईंनी गेरू हातात घेतला होता. देवीची लस टोचली की उभी रेघ. बाळंतपण झालं की टिकली. आणि पेनिसिलीन द्यायचं नाही, त्या घराला मोठी फुली. गावातली लंकाबाई एकदा त्या सुईनं मरता मरता वाचली, तेव्हापासून ही फुली आली. इंजेक्शन द्यायची वेळ आली की बाई "जरा घर बघून येते" म्हणून चपला पायात सरकवत. डॉक्टरांना त्या खुणा मलेरियावाल्यांच्याच वाटत. आणि बाईंना स्वतःला कधी वाटलंच नाही की हे लिहिणं आहे. लिहिणं म्हणजे कागद, शाई आणि साहेबाची सही.

तपासणीला दोन दिवस उरले तेव्हा बाई खोकं घेऊन गावात शिरल्या आणि मारुतीच्या पारापाशीच थबकल्या. गाव पांढरंशुभ्र! साहेब येणार म्हणून सरपंच आप्पासाहेबांनी एका दिवसात या टोकापासून त्या टोकापर्यंत चुना मारून घेतला होता.

"कसं दिसतंय, बाई?" आप्पासाहेब मिशीवरचा चुना पुशीत म्हणाले. "एक डाग ठिवला न्हाई!"

बाई लंकाबाईच्या ओट्यावर जाऊन बसल्या. आठवून बघितलं. लंकाबाईच्या फुलीखेरीज काही आठवेना. अठरा वर्षं डोक्यात आहे म्हणून छाती काढून फिरले आणि डोक्यात तर काहीच नाही! त्यांना रडू फुटलं.

"आता अकोल्याला जावं लागतंय गं, लंके. तुज्या दारावर काय काय हुतं, तेबी ध्यानात न्हाई माज्या."

लंकाबाई शेणाचे हात तसेच ठेवून उभी राहिली. "त्यात रडायचं काय? वर फुली. तिच्याखाली चार टिकल्या. मग दोन उभ्या रेघा. दुसरी जरा वाकडी, तवा तुमाला शिंक आल्ती. ती रेघ माज्या गोरक्षाची."

बाईंनी डोळे पुसले आणि पेन काढलं.

बघता बघता आळी जमली. रोज सडा टाकताना, दारात निवडत बसताना बायांनी त्या खुणा वर्षानुवर्षं पाहिल्या होत्या. सही म्हणून अंगठा उठवणाऱ्या बाया घडाघडा सांगू लागल्या. दगडाबाईचं आणि तिच्या सुनेचं सहाव्या टिकलीवरून जुंपलं. ती टिकली दोघींनाही आपलीच हवी होती. दोन दिवसांत खोकं भरलं.

साहेब आले, कार्डं चाळली, मान डोलावली आणि गेले. बदली टळली. मग लंकाबाईच्या कार्डावरची फुली डॉक्टरांच्या नजरेला पडली आणि बाईंनी चुन्याखाली गेलेल्या खुणांचं कबूल केलं.

"म्हणजे तुमच्या डोक्यात सगळं होतंच म्हणा!"

"न्हवतं, डॉक्टरसायेब. त्यांच्या डोक्यात हुतं."

दिवाळी झाल्यावर बायाच दवाखान्यात आल्या. कार्ड तुमच्या कपाटात राहणार, आमच्या दाराला काय? म्हणून बाई गेरू घेऊन निघाल्या. खोकं डॉक्टरांनी धरलं. पहिलं घर लंकाबाईचं. कार्डात बघून बाईंनी फुली काढली, चार टिकल्या दिल्या आणि दोन रेघा अगदी सरळ ओढल्या.

लंकाबाई जवळ येऊन बघत राहिली. "बाई, दुसरी वाकडी हुती."

बाईंनी पदरानं ती रेघ पुसली आणि पुन्हा काढली. वाकडी.