दस्तीखालचा डोंगर

"दस्तीखालचं दस्तीखाली." हे आमच्या अर्थशास्त्राच्या सरांचं ठरलेलं वाक्य. प्राचार्यांच्या खोलीत काय झालं ते विचारा, नाहीतर डब्यात भाजी कसली ते विचारा, सर खांद्यावरची पांढरी दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, झटकायचे आणि एवढंच बोलायचे. अशा तोंड मिटलेल्या माणसाला लोकांना प्रश्न विचारायला अनुदान मिळालं, आता बोला!

सरांचे वडील जनावरांच्या बाजारात दलाल होते. तिथे भाव तोंडानं बोलत नाहीत. दस्तीखाली हात धरायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा. शेजारी उभा असलेल्यालाही बैल केवढ्याला गेला ते कळत नाही.

डोंगराळ भागाच्या पर्यावरणाचं अर्थशास्त्र, या विषयाला पुण्याची एक संस्था पैसे देणार होती. सरांनी अर्ज केला. संस्थेनं उलट विचारलं, बालाघाटाला डोंगर म्हणावं का? सरांनी कळवलं, मांजरसुंब्याच्या घाटात एकदा सायकल चढवून पाहावी. पहिला हप्ता आला. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. तीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं शिकवली, एक तरी अभ्यास आपल्या नावानं छापून यावा, एवढी एकच हौस त्या माणसाला होती.

घाटावरचं एक गाव ठरलं. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं, म्हणून त्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा होता. हा डोंगर, त्यावरची सीताफळं, गवत, झरे आहेत तसे राहावेत म्हणून तुम्ही वर्षाला किती रुपये द्याल?

पहिल्या दिवशी सरांनी हे पारावर, सगळ्यांसमोर विचारलं आणि तिथेच घात झाला. एकानं शंभर म्हटलं. त्याचा भावकीतला एक जण होता, दोघांचं बांधावरून भांडण. त्यानं दोनशे म्हटलं. मग काय विचारता! दुपारपर्यंत डोंगर दोन लाखांवर गेला. बोली बोलणाऱ्या त्या दोघांच्या चहाचे पैसे मी दिले.

मी कॉलेजची ग्रंथपाल. नोंदी ठेवायला म्हणून सर मला घेऊन गेले होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी दस्ती काढली. एकेका गड्याला लिंबाखाली बसवून दस्तीखाली हात धरायला लागले. तोंडानं लाख बोलणारा गडी तिथे गंभीर व्हायचा, मनातल्या मनात घरखर्च चालवून बघायचा आणि मग बोट दाबायचा. सर कागदावर नुसतं नाव लिहायचे. आकडे डोक्यात, आणि संध्याकाळी वहीत फक्त बेरीज.

पण बायकांचा हात सर कसा धरणार? म्हणून माझी शिकवणी सुरू झाली, ग्रंथालयात, मासिकांच्या कपाटामागे. एक बोट म्हणजे शंभर, अख्खा पंजा म्हणजे पाचशे. शिकवणीच्या तिसऱ्या दिवशी शिपाई पेपर लावायला आला आणि बघतो तर अर्थशास्त्र आणि ग्रंथालय दस्तीखाली हात धरून, डोळे मिटून बसलेले. कपाळ माझं! मधल्या सुट्टीपर्यंत बातमी माझ्या नवऱ्यापर्यंत पोचली. प्राचार्यांनी खुलासा मागितला. सरांनी त्यांचाही हात दस्तीखाली घेतला. काय दाबलं कोण जाणे, प्राचार्य हसत बाहेर आले. नवरा मात्र आठवडाभर म्हणत होता, मलाही शिकव.

गावात बायकांनी आधी माझी टर उडवली, आमी काय बैल हाय का म्हणून. मग पदराखाली हात द्यायला लागल्या. साठीच्या कोंडाबाईंनी माझा हात धरला आणि बराच वेळ नुसता धरूनच ठेवला. मग बोटं दाबली. मी चमकलेच. त्यांचा नवरा समोर बाजेवर बसला होता. त्या हळूच म्हणाल्या, "बाई, ह्यांना कळू देऊ नगा. माझ्या शेळ्यांच्या पैशातून म्हणलं मी."

निघताना त्यांच्या नवऱ्यानं मला गाठलंच. काय बोलली हो ही? दस्तीखालचं दस्तीखाली, मी म्हटलं. सरांचं वाक्य माझ्या तोंडी कधी बसलं ते मलाच कळलं नाही. सरांनाही मी बायकांची फक्त बेरीज सांगितली, आणि त्यांनी पुढे एक शब्द विचारला नाही.

अहवाल गेला. संस्थेचं पत्र आलं, की प्रत्येकाच्या नावापुढे आकडा हवा. त्याशिवाय दुसरा हप्ता नाही, छपाईही नाही. मी म्हटलं, सर, लिहून टाका, पुण्याचा कागद गावात कोण वाचतंय?

"म्याडम, बापानं चाळीस वर्षं दलाली केली," सर म्हणाले. "एकाचा भाव दुसऱ्याला सांगितला असता तर बाजारात कुणी उभं केलं नसतं. आन् तुमी बायांना शब्द दिलाय ना?"

मग त्यांनी संस्थेच्या साहेबांना फोन लावला. शांतपणे म्हणाले, साहेब, तुमी सोता या, दस्तीखाली हात द्या, मग कळंल आकडा खरा कसा येतो ते. साहेबांनी फोन ठेवला. हप्ता आला नाही. मला लई वाईट वाटलं, आणि खरं सांगते, सरांचा रागही आला. हातातोंडाशी आलेला घास होता तो.

निरोप समारंभात सर सगळ्यांच्या भाषणांत पेढे खात बसले. जाताना ग्रंथालयात आले, दस्तीची घडी माझ्या टेबलावर ठेवली. "निम्मा डोंगर तुमच्याकडं हाय," म्हणाले. "संभाळा."

मागच्या पावसाळ्यात सर गेले. गड्यांचे सगळे आकडे सोबत घेऊन गेले. गावातून जीप भरून माणसं आली. बोली बोलणारे ते दोघं भावकीतले एकाच सीटवर बसून आले होते, आणि भांडले नाहीत.

परवा संस्थेतून फोन आला. नवे साहेब आहेत, भले वाटले. म्हणाले, निदान बायकांचे आकडे नावानिशी द्या, तेवढ्यावर अहवाल सरांच्या नावानं छापतो.

सरांच्या नावानं! मी फोन कानाला लावून कपाटातल्या दस्तीकडे बघत राहिले. तुम्हीच सांगा, कुणाला मोह होणार नाही? एकेक बाईचं बोट मला अजून पाठ आहे. डोळे भरून आले, ते पदरानं पुसले.

"साहेब," मी म्हटलं, "तुम्ही सोता या. हात द्या."

पलीकडून फोन ठेवला गेला. सर असते तर त्यांनी दस्ती झटकून खांद्यावर टाकली असती, एवढंच.