व्हॉल्व्हची नवी जोडी

भिवंडीतली नारपोली सोडली त्या दुपारी टेम्पोत सामान चढवायला कुणी आलं नाही. सगळे आपापल्या दारात उभे होते. आई भांड्यांचं पोतं ओढत होती, मी दुसरं टोक धरलं होतं. बाबांनी त्यांची हत्यारांची पेटी फळीवरून काढलीच नाही. मी आठवण केली तर म्हणाले, "राहू दे. ते काम संपलं." मी तेव्हा सोळा वर्षांची होते.

चाळीतल्या लोकांनो, आणि माझ्यासारखं तिथून उठून कुठेकुठे गेलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. आम्ही का गेलो ते तुम्हाला माहीत आहे, असं तुम्हाला वाटतं.

बाबा, म्हणजे यशवंत ऑपरेटर, काल्हेरच्या दामूशेठकडे लाऊडस्पीकरचं काम करायचे. शेठचा अँप्लिफायर तेव्हाही जुनाच, काचेच्या व्हॉल्व्हचा, म्हणजे बल्बसारख्या तापणाऱ्या नळ्यांचा. बाबा त्याला तळहातावरच्या फोडासारखा जपायचे. शेठच्या मुलीच्या हळदीला संध्याकाळी बाबा चिंचेच्या झाडावर भोंगा बांधत होते, आणि खाली अँप्लिफायरने पेट घेतला. मंडपाचं कापड जळलं. माणसं वाचली. शेठने बाबांना सर्वांसमोर थोबाडीत मारली. मग दुसऱ्या साउंडवाल्याचा माइक मागवून त्यात बोलायला लावलं, "माझ्या हलगर्जीपणामुळे आग लागली. शेठ, मला माफ करा." एकदा नाही, तीनदा. मी आणि आई तिथेच पुऱ्या लाटत होतो. तुमच्यातलेही कितीतरी जण पंगतीत होते. जेवण थांबलं नव्हतं.

त्यानंतर भिवंडीत बाबांना कुणी काम दिलं नाही. आम्ही नाशिकला गेलो. बाबा एका सोसायटीच्या गेटवर बसायला लागले. मी शिकले आणि पुढे इंग्लंडला, कॉव्हेंट्रीला आले. इथे हॉस्पिटलमधली मशीन दुरुस्त करते. शिफ्ट, ओव्हरटाइम, रविवारी लाँड्री. लोक विचारतात, हातात हे कसब कुठून आलं? मी सांगते, वडिलांकडून. पुढचं सांगत नाही.

गेल्या वर्षी कामतघरच्या माझ्या मामेभावाने एक जाहिरात पाठवली. शेठचा मुलगा राजेश घरातल्या जुन्या वस्तू अँटिक म्हणून ऑनलाइन विकत होता. फोटोत तोच अँप्लिफायर. डाव्या कोपऱ्याला बाबांनी लावलेली पितळी पट्टी मी लगेच ओळखली. भावाला म्हटलं, घे आणि माझं नाव सांगू नकोस.

रजा काढून भिवंडीला गेले. व्हॉल्व्हची नवी, एकसारख्या ताकदीची जोडी इंग्लंडहून मोज्यांत गुंडाळून आणली होती. भावाच्या घरी, शेजारी लूमची खडखड चालू असताना, मी तो डबा उघडला. जुन्या व्हॉल्व्हच्या काचेला टोकाशी आतून चंदेरी डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला होता. काच तडकून हवा आत शिरली की असं होतं. ते उपसून काढले, खालचे सॉकेट घासले. ट्रान्सफॉर्मर जळून काळा पडला होता. तो लूमच्या मोटारींत तांब्याची तार भरणाऱ्या एका कारागिराने पुन्हा भरून दिला. शेवटी मागचा फ्यूज काढला आणि खाली बसले.

फ्यूजभोवती सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळलेला होता. फ्यूज उडून मशीन वाचवतो. त्यावर कागद गुंडाळला की तो उडत नाही, मशीन पेटतं. बाबांनी आयुष्यात असं केलं नसतं. सिगारेटला तर ते शिवतही नव्हते. आग लागल्यावर डबा माळ्यावर टाकला असणार, तो कुणी उघडलाच नाही.

मी घाई केली नाही. नवी जोडी बसवली, कपॅसिटर बदलले, पुन्हा पेट नको म्हणून आधी बल्ब मध्ये जोडून हळूहळू करंट दिला. व्हॉल्व्हमध्ये केशरी उजेड आला, तेव्हा मला आनंद झाला नाही. मला शेठचा चेहरा बघायचा होता.

राजेशला फोन केला. मशीन चालू झालंय, वडिलांना ऐकायचं असेल तर आणते, म्हटलं. तो खूश झाला. रविवारी सकाळी त्यांची पंचाहत्तरी होती. मी कोण, त्याने विचारलं नाही.

हॉल भरलेला होता. शेठ खुर्चीत, गळ्यात हार. मी अँप्लिफायर मांडला, तो तापेपर्यंत थांबले आणि माइक हातात घेतला. "मी यशवंत ऑपरेटरची मुलगी, सुजाता. हा त्या हळदीचा फ्यूज." कागदासकट तो मी शेठसमोर धरला. हा कुणी गुंडाळला, ते विचारलं.

शेठ म्हणाला, "जुनं उकरून तुला काय मिलनार हाय?"

"माफी. याच माइकमध्ये."

राजेश मला बाजूला घ्यायला आला. तेवढ्यात शेठच्या बायकोने, काकूंनी, पदर सावरत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "फ्यूज सारखा उडत व्हता. यांनीच कागद गुंडालला. यशवंत तवा झारावर व्हता. मी बघितलेला. बोलले न्हाय."

राजेश माफी मागायला लागला. त्याची माफी मला नको होती. मी माइक शेठच्या तोंडापाशी धरून उभी राहिले. शेवटी तो पुटपुटला, चूक माझी होती. मी मशीनचा आवाज वाढवला आणि म्हटलं, "परत." तो परत बोलला. तिसऱ्यांदाही बोलला. केक तसाच पडला होता.

म्हाताऱ्या माणसाला असं करायला नको होतं, असं तुमच्यातले काही जण नंतर मामेभावाला म्हणाले. बाबा हळदीच्या दिवशी बेचाळीसचे होते. त्यांचं वय कुणी काढलं नव्हतं. मला वाटलं होतं नंतर वाईट वाटेल. वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

तिथून नाशिकला जाऊन बाबांना सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "जोडी मॅच करून घातलीस ना?" मी हो म्हटलं. म्हणाले, "तुझं समाधान झालं, चांगलं झालं. मला माफी नको होती गं. मला काम पाहिजे होतं." आणि ते ड्युटीला गेले. ते काम परत देणं माझ्या हातात नव्हतं, शेठच्याही नाही. म्हणूनच मी त्याला माफ केलेलं नाही.

आता नारपोलीहून मला लग्नाच्या पत्रिका येतात. तुम्ही लिहिता, आपल्या घरी ये. कॉव्हेंट्रीतले शेजारी सुट्टी लागली की विचारतात, घरी कधी जाणार? मी दोघांनाही नीट उत्तर देत नाही. त्या संध्याकाळी पंगतीतून एक माणूस जरी उठला असता, तरी मी नारपोलीला आजही घर म्हटलं असतं.