सिस्टरांचं बंद ठिकाण

सिस्टर आधी माणसाची नखं बघायच्या. मिसळवाल्याची, भेळवाल्याची, खानावळीत भाकऱ्या थापणाऱ्या बाईची, कुणाचीही. पाहुण्यांना घेऊन हॉटेलात शिरल्या की बसायच्या आधी थेट भटारखान्यात जाऊन त्या मोठ्यानं म्हणत, "हात पुढं कर बघू." मिसळवाले त्यांना ओळखून होते. शाळेतल्या पोरांसारखे दोन्ही हात पुढे करून उभे राहत. "नखं बघितल्याशिवाय मी कुणाच्या हातचं खात न्हाय," असं पाहुण्यांना ऐकवून मग त्या ऑर्डर सोडत.

लग्न होऊन मी जळगावहून कोल्हापूरला आले ती ब्याण्णव साली. आमच्या भिंतीला भिंत लागून सिस्टरांचं घर. मूळच्या मुरगूडच्या, सरकारी दवाखान्यात नर्स, नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा पुण्याला शिकायला. ठेंगणा बांधा आणि आवाज मात्र तीन घरं ओलांडून जाणारा. इथल्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात याचं मला सुरुवातीला फार हसू यायचं. सिस्टरांच्या तोंडी मात्र ते शोभायचं. त्या खरोखरच एखाद्या फौजदारासारख्या यायच्या आणि जायच्या.

आमच्याकडे पाहुणा उतरला की तासाभरात भिंतीवरून प्रश्न येई, "पावणं कुठलं? तिखट सोसतंय न्हवं?" उत्तराची वाट कोण बघतंय! रजेचा दिवस असला की त्या चपला घालूनच उभ्या असत. सकाळी मिसळ, दुपारी मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ, आणि शेवटी गंगावेशीत समोर म्हैस पिळून दिलेलं फेसाळ दूध. माझ्या जळगावच्या काकांनी मिसळीबरोबर पाव मागितला, तेव्हा सिस्टरांनी त्यांच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की काका निमूटपणे स्लाइस ब्रेड बुडवून खायला लागले. "रश्श्याचा कट वरनं मागून घ्यायचा, पावणं. लाजायचं न्हाय. डोळ्यांतनं पाणी आलं की थांबायचं, त्याच्या आदी न्हाय."

पाहुण्यांना त्या इतकं खाऊ घालत की घरी येईपर्यंत माणसाला चालवत नसे. स्वतः मात्र जेमतेम दोन घास खाऊन समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसायच्या. पहिला घास गेला की विचारत, "कसं हाय?" जणू सगळं गाव त्यांनीच रांधलं होतं.

या फेरीचा शेवट मात्र दर वेळी एकाच वाक्यानं व्हायचा. आपल्या फाटकाला हात लावून त्या म्हणायच्या, "एक ठिकाण ऱ्हायलं बघा. पांढरा रस्सा खावा तर तिथलाच. पर आज बंद हाय." काका आले तेव्हा बंद, मावशी आली तेव्हा बंद, दिवाळीत बंद, मे महिन्यात बंद. मला चैन पडेना. मी रिक्षावाल्यांना विचारलं, बँकेतल्या सहकाऱ्यांना विचारलं, दोन-तीन खानावळींत जाऊन चौकशी केली. कुणालाच असं ठिकाण माहीत नव्हतं. आमचे हे म्हणाले, "सिस्टर थापा मारतात, दुसरं काय!"

दोनेक वर्षांनी, एका रविवारी भर दुपारी, सासूबाईंचं ब्लडप्रेशर बघायला बोलवावं म्हणून मी त्यांच्या दारात गेले. आत खसखस-खोबऱ्याचा वास भरून राहिला होता. सिस्टर पळी हातात घेऊन बाहेर आल्या. "ये की पोरी. रस्सा केलाय, चव बघ." आणि माझ्या तोंडून झटकन निघालं, "नको सिस्टर, पोट भरलंय." खरं तर साडेबारा वाजले होते आणि सकाळच्या चहावर होते मी.

हे वाक्य मला सासूबाईंनी शिकवलं होतं. सिस्टर बौद्ध, आम्ही मराठे. आमचं भांडण नव्हतं, उलट कौतुकच होतं. सासूबाईंना इंजेक्शन टोचून घ्यायचं तर सिस्टरांच्याच हातचं लागायचं. फक्त त्यांच्या घरचा साधा चहादेखील आमच्यापैकी कुणी कधी घेतला नव्हता. "वाईट दिसू द्यायचं न्हाई, पोट भरलंय म्हणायचं," अशी सासूबाईंची ताकीद होती.

सिस्टर हसल्या. रागावल्या नाहीत, हसल्याच. "म्हणून तर पावण्यांस्नी मी आदी गावभर खायला घालून आणतो," त्या म्हणाल्या. "पोट भरलेल्या माणसाला माझ्या दारात खोटं बोलावं लागत न्हाय की." मग पळी आत ठेवून, हात पुसून त्या आमच्याकडे ब्लडप्रेशर बघायला आल्या.

ते बंद ठिकाण कुठलं, ते मला तेव्हा कळलं. मला भयंकर लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून लगेच धीर येतोच असं नाही. मी आणखी नऊ वर्षं पाहुण्यांना त्यांच्याबरोबर गावभर पाठवत राहिले, आणि ते भरल्या पोटी परत येत राहिले.

सिस्टर निवृत्त झाल्या आणि मुलाकडे पुण्याला कायमच्या निघाल्या, त्याच आठवड्यात माझी आई आली. स्टँडवरून रिक्षात बसल्याबसल्या मी तिला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "मग मला आता चहाच्या वर काही देऊ नकोस." सिस्टर चपला घालून तयारच होत्या. ओसरीत सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "सिस्टर, आज ते बंद ठिकाण उघडा. आई उपाशी आहे. मीसुद्धा."

सिस्टरांचा आवाज पहिल्यांदाच बसलेला ऐकला. "अगं, आज कसं? भांडी बांधल्यात, मटण न्हाय, खोबरं न्हाय..." सासूबाईंनी मान वर केली नाही. आम्ही दोघी फाटक उघडून आत गेलो.

तवा आणि तीन ताटल्या तेवढ्या बाहेर होत्या. सिस्टरांनी पीठ मळायला घेतलं, मग एकदम थांबल्या आणि दोन्ही हात आईपुढे धरले. "नखं बघून घ्या." गावभर इतरांचे हात तपासणारी ती बाई आईच्या तोंडाकडे बघत तशीच उभी राहिली. आईनं ते हात आपल्या हातात घेतले. "बाई, मला भूक लागली आहे हो," ती म्हणाली, "भाकरी टाका."

भाकरी, पिठलं आणि खर्डा. रस्सा नव्हताच, तो मी आजतागायत खाल्लेला नाही. आईनं पहिला घास घेतला, पण "कसं हाय?" हा प्रश्न आला नाही. सिस्टरांनी डोळ्यांना पदर लावला होता. खर्डा फार तिखट झाला, म्हणाल्या. आईनं हात धरून त्यांना शेजारी बसवलं, त्यांचं ताट वाढलं, आणि सिस्टर पोटभर जेवल्या. सवडीनं, दोन भाकऱ्या.

हात धुतल्यावर त्यांचं मन राखायला आई म्हणाली, "चला, आता तुमची ती मिसळ दाखवा."

"आता कुठली मिसळ!" फाटकाला टेकून सिस्टर म्हणाल्या. "पोट भरलंय की."